रंभामायची सुरगाठ

आमच्या टोल्यात, म्हणजे वस्तीत, पावसाचा अंदाज मोबाइलवर बघायची गरज कधी पडली नाही. रंभामायचं गाठोडं दारात आलं की समजायचं, आता जोराचा येणार. गाठोड्यात दोन लुगडी, तांदळाची पुरचुंडी, प्लॅस्टिकात गुंडाळलेली काडीपेटी आणि नवऱ्याच्या गोळ्या. गाठोडं डोक्यावर, शेळीचं दावं हातात, आणि ही बाई टेकडीवरच्या शाळेकडे निघालेली. पोरं मागून ओरडायची, "रंभामाय पूर पाहाले चालली." ती मागे वळायची नाही. रात्र शाळेच्या ओट्यावर काढायची आणि सकाळी पाऊस ओसरला की खाली मान घालून परत यायची.

मीही हसायची. हसण्यासारखंच होतं ते. मी रीता, गावची आशा वर्कर. घरोघरी फिरणं हे माझं काम आणि तोंड बंद न ठेवणं हा माझा स्वभाव, त्यामुळे रंभामायची थट्टा करण्यात मी कुणाच्या मागे नव्हते. आणि थट्टेचं खरं कारण वेगळंच होतं. ही बाई ढिवराघरची. तिचा नवरा लटारूभाऊ म्हणजे आमच्या तलावाचा सगळ्यात जुना मच्छीमार. त्याचं आयुष्य कमरेइतक्या पाण्यात गेलं, आणि बायको मात्र पावसाळ्यात तलावाच्या पाळीवर पाय ठेवायची नाही. लटारूभाऊची भाकर सांडव्यावर पोचवायची असली तरी शेजारणीच्या हाती द्यायची. ढिवराची बाई आणि पाण्याला भिते, म्हणजे सोनाराची बाई सोन्याला भिण्यातली गत.

गाव कसं आहे ते सांगते. मूल या तालुक्याच्या गावाहून जंगलाच्या अंगाला आत शिरलं की आमचा तलाव लागतो. त्याची पाळ मातीची, आजोबा-पणजोबांच्या काळातली. पाळीच्या एका टोकाला टेकडी आणि टेकडीवर शाळा. दुसऱ्या टोकाला मोठा खडक, खडकावर देवाचं ठाणं, आणि त्याला लागूनच सांडवा. तलाव भरला की जास्तीचं पाणी त्या सांडव्यावरून नाल्यात पडतं. आमची घरं पाळीच्या पायथ्याशी. पावसाळ्यात तलावाचं पाणी आमच्या छपरांहून उंच असतं, पण जन्मापासून तेच बघितलेलं, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नाही. एका रंभामायला वाटायचं.

एकदा मी तिचा बीपी मोजायला गेले होते. बाहेर रिमझिम होती आणि बीपी चढलेला होता. मी म्हटलं, "काऊन वो माय, एवढी कायले भेतेस?" ती म्हणाली, "माह्यं माहेर वैनगंगेच्या काठाले. तई आमच्या गावात पाऊसच नोहता, रीता. ऊन पडलं होतं. कुठी वर पडला अन् नदी घरात आली."

"मंग?"

"आमी सारे छपरावर चढलो. गाय गोठ्यात बांधून होती. माह्या बापाची गाठ लय पक्की राहे, निरगाठ. कोणाले सोडता नाई आली. ते हंबरून राह्यली होती. मंग नाई हंबरली." तिनं हातावरचा पट्टा स्वतःच सोडला आणि माझ्याकडे दिला. "तेवढंच. बाकी सारे वाचलो आमी."

त्या दिवसानंतर मला कळलं की तिच्या घरात एकही निरगाठ का नाही. शेळीचं दावं, बादलीचा दोर, गाठोडं, सगळीकडे सुरगाठ. एक टोक लांब सोडलेलं, ओढलं की गाठ सुटते. त्यात शेळी हुशार. ती स्वतःच दातानं टोक ओढायची, सुटायची आणि थेट माझ्या वाडीत येऊन वालाची वेल फस्त करायची. यावरून आमची भांडणं व्हायची. लटारूभाऊ माझ्या बाजूनं बोलायचा. त्याला स्वतःच्या गाठीचा भारी अभिमान. "इची गाठ म्हणजे पावण्याचा मुक्काम," म्हणायचा. "आज आहे, उद्या नाई. गाठ कशी पाह्यजे, मानूस मरन पन गाठ नाई सुटन." रंभामाय त्यावर एवढंच म्हणायची, "तेच तं."

आता ताटीचं सांगते, कारण पुढचं सगळं ताटीवरून झालं. तलावात मच्छीमार सोसायटीची मासोळी असते. उन्हाळ्याच्या शेवटी बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सोडतात आणि हिवाळ्यात मोठे मासे काढतात. ढिवरांच्या घरांचं वर्ष त्याच्यावर चालतं. पण तलाव भरून सांडवा वाहू लागला की मासे पाण्याबरोबर नाल्यात पळून जातात. म्हणून सांडव्याच्या तोंडावर बांबूची विणलेली उभी ताटी बांधतात. पाणी जातं, मासा अडतो. ताटी बांधायच्या दिवशी खडकावरच्या देवापुढे नारळ फोडतात, आणि एकदा बांधलेली ताटी पाणी उतरेपर्यंत सोडायची नाही असा रिवाज. मध्येच सोडली तर तलाव रुसतो म्हणतात. ताटी बांधायचा मान लटारूभाऊचा, कारण गाठी त्याच्या.

त्या वर्षी धानाची रोवणी, म्हणजे लावणी, संपत आली तेव्हा पाऊस लागला आणि थांबायचं नावच घेईना. बांध बुडून धानाच्या बांध्या एकमेकींत मिसळून गेल्या. मोबाइलवर लाल इशारा आला तेव्हा मी छत्री घेऊन दारोदार फिरले. खालच्या घरांनी शाळेत जाऊन राहा, भांडीकुंडी राहू द्या, जीव घेऊन चला, असं सांगत होते. चार घरं गेली. बाकीच्यांनी मला चहा विचारला. "तलाव कधी फुटला का, बाई?" म्हणाले. रंभामाय माझ्या आधीच गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक वाट बघत राहिले, आता येईल गाठोडं घेऊन, पण ती परत आली नाही. लटारूभाऊसाठी तिचा निरोप आला, "म्हणा त्याईले, वर या." लटारूभाऊ कुठला जातो. तो सांडव्यावर होता, ताटीजवळ.

दुपारी मी पुनमच्या घरी होते. पुनमला नववा महिना लागलेला, पाय सुजलेले. तिचं घर पाळीला अगदी चिकटून. मी तिचे पाय बघत होते आणि तेवढ्यात जंगलाकडून आवाज आला. ट्रक गिट्टी ओततो तसा, पण थांबणारा नाही. वरच्या जंगलातली जुनी बोडी, म्हणजे लहान तलाव, फुटली होती आणि तिचं सगळं पाणी आमच्या तलावात येत होतं. हे आम्हाला मागाहून कळलं. त्या घटकेला मला दिसलं ते एवढंच की पुनमच्या मागच्या अंगणात, पाळीच्या पायथ्याशी, जमिनीतून पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. पावसाळ्यात तिथे नेहमीच थोडं झिरपतं, पण ते निवळशंख असतं. हे लाल होतं. पाळीची माती घेऊन येत होतं.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला माझं घर आणि माझी धानाची कोठीच आठवली. मग पुनमनं माझा हात धरला आणि मी भानावर आले. शेजारच्या घरातली थाळी उचलली आणि बडवत सुटले. दुसऱ्या घरातून दुसरी थाळी, तिसऱ्यातून तिसरी. या वेळी चहा कुणी विचारला नाही. मी ओरडून सांगत होते, मेन स्विच बंद करा, ढोरं सोडून द्या, मागे कुणी फिरायचं नाही. पुनमला खाटेवर घालून चार माणसांनी उचललं. तिचा नवरा म्हणत होता, गाडीवर घालून मूलला दवाखान्यात नेतो. मी त्याला धरून नाल्याकडे बोट दाखवलं. रपट्यावरून, त्या ठेंगण्या पुलावरून, गुडघाभर पाणी धावत होतं. म्हटलं, "त्या पान्यात गाडी घातली तं दोघं बी जाल. वर चाल. वेळ आली तं मी आहे."

शाळेत पोचलो तेव्हा सगळे चिंब, काडीपेट्यांचा लगदा झालेला. कोपऱ्यात मात्र चूल पेटली होती. रंभामायनं भाताला आधण ठेवलं होतं. पुनमला तिनं आपलं कोरडं लुगडं दिलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. तिनं मात्र एकेकाच्या तोंडाकडे बघून घेतलं आणि मला विचारलं, "हे कुठी आहेत?"

मी म्हटलं, "सांडव्यावर. सोसायटीचा नानाजी अन् आणखी दोघं आहेत संगं."

"ताटी सोडली का?"

शाळेच्या ओट्यावरून पाळ सरळ दिसते. तलाव काठोकाठ आला होता, आणि सांडव्यावरून पडायला पाहिजे तेवढं पाणी पडतच नव्हतं. जंगलातून आलेला पाला, बेशरमाची झुडपं, लाकडं, सगळं ताटीला जाऊन थापलं होतं. ताटीची भिंत झाली होती. पाण्याला जायला वाट नव्हती, आणि वाट मिळाली नाही तर ते पाळ फोडणार हे सांगायला कुणी इंजिनिअर लागत नाही. फोन लावला तर नेटवर्क गेलेलं.

रंभामाय उठली. शेळी केव्हाच मोकळी सोडलेली होती, तिचं दावं तेवढं हातात होतं. ती पाळीच्या दिशेनं चालू लागली.

मी आडवी गेले. मघाशी सगळ्यांना ओरडून सांगितलं तेच तिलाही सांगितलं, मागे फिरायचं नाही. तिनं मला बाजूला केलं. मग मीही तिच्यामागे निघाले. हे शहाणपणाचं नव्हतं, हे आत्ताच सांगून ठेवते. फुटायला आलेल्या पाळीवर जाऊ नये. कुणी गेलं तर त्याला अडवावं. पण ती एकटी जात होती आणि माझ्याने बघवलं नाही.

ती पाळ मी लहानपणापासून हजार वेळा चालले असेन. त्या दिवशी ती सरता सरेना. डाव्या हाताला पाणी, पायाशी लागून, हलणारं, त्यात उलटे झालेले बुंधे. उजव्या हाताला खोल खाली आमची छपरं. पायाखालची माती मऊ लागत होती आणि मला सारखं वाटत होतं की हिच्या पोटात काहीतरी सरकतंय. माझ्या पुढे रंभामाय. ती रडत होती. आवाज न करता, लहान मुलासारखी, नाक पुसत, आणि चालत होती. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही, बाळंतपणातही नाही.

खडक थोडक्यावर राहिला असताना ती थांबली. खडकावर लटारूभाऊ, सोसायटीचा अध्यक्ष नानाजी आणि दोघेजण लांब बांबूंनी ताटीवरचा पाला ओढत होते. एक ढीग काढला की दोन येऊन चिकटत होते. लटारूभाऊनं वर बघितलं आणि त्याचा बांबू हातातच राहिला. एवढ्या वर्षांत बायको पहिल्यांदा सांडव्याशी आली होती.

"तू कायले आली इथी?" तो ओरडला. "खडकावर ये आधी. माती खचून राह्यली तिथची."

रंभामाय होती तिथेच, मातीच्या पाळीवर, मटकन खाली बसली. "ताटी सोडा," ती म्हणाली.

"सोडता नाई येत. साऱ्यायची मासोळी आहे. माही एकट्याची आहे का?"

नानाजीनं त्याच्या मागून हात हलवला. "बाई, पानी उतरते आता. एकडाव ताटी सोडली तं वर्षभर काय खायाचं आमी? तुमी जा वर."

"मी नाई जात," रंभामाय म्हणाली. "तुमी ताटी सोडत नाई तवरी मी इथीच बसतो."

मी तिचा दंड धरून ओढला. हलेना. पाणी पाळीच्या माथ्यापासून वीतभर राहिलं होतं, आणि वारा आला की एखादी लाट तिच्या लुगड्यावर यायची. लाट आली की ती डोळे गच्च मिटायची. तिनं ना शिव्या दिल्या, ना विनवणी केली. नुसती बसून राहिली. मी लटारूभाऊकडे बघितलं. तो बायकोकडे बघत होता. पावसाच्या आवाजानं रात्र रात्र जागणारी बाई त्यानं जन्मभर बघितली होती. ती आत्ता कुठे बसली आहे आणि तिला काय होत असेल, हे त्या खडकावर त्याच्याइतकं कुणाला कळणार?

त्यानं बांबू फेकला. "नानाजी, कोयता दे."

"लटारू, इचार कर गा."

"केला इचार. दे म्हणलं."

नानाजीनं कोयता दिला. दिला तो रागानंच, पण दिला. आता ताटी सोडायची तर तिच्या बुडाच्या गाठींपर्यंत पोचायला हवं होतं, म्हणजे मांडीभर धावत्या पाण्यात उतरायला हवं होतं. गाठी भिजून दगड झालेल्या, लटारूभाऊच्या हातच्या, सुटण्याचा प्रश्नच नव्हता. त्या तोडायलाच लागणार होत्या.

तेव्हा रंभामाय उठली. उरलेली माती ओलांडून खडकावर आली आणि शेळीचं दावं नवऱ्याच्या कमरेला बांधू लागली. ताटी बांधून उरलेला दोर खडकावर होता, तो त्याला जोडला, त्याचं टोक देवाजवळच्या मोहाच्या झाडाला. तिची बोटं थरथरत होती, पण गाठ मारताना मी जवळून बघितली. एकावर एक, ओढून ओढून घट्ट. तिनं निरगाठ मारली होती.

लटारूभाऊ उतरला. दोर नानाजीनं आणि त्या दोघांनी धरला, आणि शेवटी मीही. पहिली गाठ तुटली तेव्हा ताटी नुसती कलली. दुसरीला कोयता लागेना, तो पाण्याखाली चाचपडत होता, पाणी छातीवर चढत होतं. रंभामाय खडकाच्या कडेला ओणवी होऊन त्याच्या डोक्याकडे एकटक बघत होती. मग कडाडून आवाज झाला, ताटी आडवी झाली, आणि तिच्यामागचं सगळं पाणी, पाला, लाकडं आणि मासे एकदम सुटले. लटारूभाऊ दिसेनासा झाला. दोरानं आमच्या तळव्यांची साल काढली. आम्ही ओढत राहिलो. आधी त्याचा हात वर आला, मग डोकं. त्याला खडकावर घेतलं तेव्हा कोयता नव्हता, पायाचं कातडं सोललेलं होतं, आणि तो पाणी ओकत होता. रंभामायनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मग मोठ्यानं रडली.

पाळीवरून परत जायची कुणाची हिंमत नव्हती. पाणी हात-दीड हात उतरलं तोवर आम्ही देवाच्या ठाण्याशी तसेच बसून राहिलो. आतल्या अंगानं पाळीचा एक मोठा तुकडा खचला, पण पाळ टिकली. सांडव्याचं पाणी नाल्यातून फुगून आमच्या टोल्यात शिरलं आणि काही मातीच्या भिंती बसल्या. माझी मागची भिंत गेली, वालाची वेल गेली. माणूस एकही गेला नाही. पुनमला दोन दिवसांनी नाला उतरल्यावर गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तिला मुलगी झाली.

मासे मात्र सगळे गेले. पुढचे आठ-दहा दिवस खालच्या गावांतली पोरं धानाच्या बांध्यांत टोपल्यांनी रोहू धरत होती. सोसायटीच्या बैठकीत लटारूभाऊला पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. पाणी तसंही उतरलंच असतं, असं म्हणणारे निघाले. असे लोक कोरड्या अंगणात नेहमीच निघतात. लटारूभाऊ मान खाली घालून ऐकत राहिला. हिवाळाभर तो दुसऱ्याच्या बांधीवर मजुरीला गेला. रंभामाय माझ्या घरची पडलेली भिंत लिंपायला आली, आणि तिच्यामागे तिची शेळीही आली.

यंदा पाऊस लागला तेव्हा पुन्हा ताटी बांधायची वेळ आली. सोसायटीनं नवी बोटुकली सोडली होती. नारळ फोडायच्या आदल्या दिवशी मी रंभामायच्या गोळ्या द्यायला गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. लटारूभाऊ हातात नवा दोर घेऊन तिच्यासमोर येऊन बसला. माझ्याकडे बघितलं, थोडा अवघडला. मग दोर तिच्या सुपापुढे ठेवला.

"तुही ते शेळीची गाठ," तो म्हणाला. "दाखव मले."

मला वाटलं ती हसेल. माझी तर जीभ शिवशिवत होती. पण ती हसली नाही. सूप बाजूला ठेवलं, ओट्याच्या खांबाला दोर गुंडाळला, आणि त्याचा हात आपल्या हातात धरून हळूहळू गाठ घातली. त्यानं टोक ओढलं, गाठ सुटली. पुन्हा घातली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा त्यानं एकट्यानं घातली आणि टोक जरा आखूडच सोडलं.

"लांब ठेवा," ती म्हणाली. "भेलेल्या मानसाच्या हाताले सापडलं पाह्यजे."